फिरवलेल्या पेशी आणि बाबाबा कसोटी

छायाचित्रातला एखादा लहानसा भाग उचलावा, थोडा फिरवावा आणि दुसरीकडे नेऊन चिकटवावा, हे काम आज शाळेतल्या संगणकावरही पाच मिनिटांत होते. पूर्वी ते इतके सोपे नव्हते. 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या फेब्रुवारी १९८२ च्या अंकासाठी गिझाच्या पिरॅमिडांचे आडवे छायाचित्र उभ्या मुखपृष्ठावर बसवायचे होते, म्हणून संगणकाने दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवण्यात आले. त्यावर बरीच टीका झाली. १९९० साली 'फोटोशॉप' बाजारात आले, १९९४ च्या आवृत्तीत चित्राचे थर सुटे हाताळण्याची सोय झाली आणि मग हे कसब कोणाच्याही हाती गेले. संशोधकांच्याही.

संशोधकांनी या कसबाचे काय केले, हे मोजण्याचा एक मोठा प्रयत्न एलिझाबेथ बिक, आर्तुरो कासादेवाल आणि फेरिक फँग यांनी केला. त्यांचा शोधनिबंध २०१६ साली 'एमबायो' या नियतकालिकात आला. १९९५ ते २०१४ या काळातले, ४० नियतकालिकांमधले २०,६२१ शोधनिबंध बिक यांनी पाहिले. 'पाहिले' हा शब्द येथे अगदी शब्दशः घ्यावा. संगणकाची मदत न घेता, नुसत्या डोळ्यांनी त्यांनी चित्रे तपासली आणि संशयास्पद वाटलेली प्रत्येक जागा इतर दोघांनी पुन्हा तपासली. ७८२ निबंधांत, म्हणजे ३.८ टक्क्यांत, एकच चित्र किंवा त्याचा तुकडा वेगवेगळ्या प्रयोगांचा म्हणून वापरलेला आढळला.

या निबंधाचा सर्वांत चांगला भाग म्हणजे त्यांनी केलेली वर्गवारी. पहिला वर्ग तेच चित्र जसेच्या तसे दोनदा येण्याचा. फाइलींच्या गर्दीत असे चुकून होऊ शकते. दुसऱ्या वर्गात तेच चित्र सरकवून, फिरवून किंवा आरशातल्यासारखे उलटवून येते. तिसऱ्यात चित्राच्या आतच तुकड्यांची चिकटवाचिकटवी असते. दुसरा वर्ग संख्येने सर्वांत मोठा निघाला. चूक झोपेतही होऊ शकते, पण चित्र १८० अंशांतून फिरवायला हात लागतो, हा त्यामागचा तर्क.

फिरवलेले चित्र ओळखता कसे येते? येथे नववीची भूमिती कामाला येते. सरकवणे, फिरवणे आणि उलटवणे या तिन्ही क्रियांत बिंदूंमधली अंतरे बदलत नाहीत. चित्रातल्या तीन ठळक ठिपक्यांचा एक त्रिकोण मनात धरा. दुसऱ्या चित्रात तेवढ्याच बाजूंचा त्रिकोण सापडला, तर बाबाबा कसोटीने दोन्ही एकरूप. चित्र लहानमोठे केले असेल तर समरूपता पाहायची. एक त्रिकोण योगायोगाने जुळेल. चौथा, पाचवा, सहावा ठिपकाही आपापल्या जागी सापडला की योगायोग संपला. वर्गात हे दाखवायला सूक्ष्मदर्शकाचीही गरज नाही. कागदावर चिमूटभर मोहरी टाकून छायाचित्र घ्यावे, मोहरी गोळा करून पुन्हा टाकावी, असे दहा वेळा करावे. मग त्यांतले एक चित्र गुपचूप फिरवून अकरावे म्हणून मिसळावे. मुले ते शोधून काढतात, आणि काही मुले आपल्यापेक्षा खूपच लवकर!

आणखी एक खूण आहे. संगणकावरचे चित्र लहान चौकटींचे बनलेले असते. ते ९० अंशांत फिरवले तर प्रत्येक चौकट नेमकी दुसऱ्या चौकटीवर बसते. १७ अंशांत फिरवले तर तशी बसत नाही, म्हणून संगणक सहसा शेजारच्या चौकटींची सरासरी घेऊन नवी किंमत काढतो. त्यामुळे फिरवलेल्या तुकड्यातला बारीक रवा आजूबाजूपेक्षा किंचित गुळगुळीत होतो.

आता या निबंधाविषयीच्या तक्रारी. ३.८ टक्के हा आकडा 'विज्ञानातील खोटेपणा'चा म्हणून उद्धृत केला जातो. तसा तो नाही. हे निबंध मुख्यतः 'वेस्टर्न ब्लॉट' या शब्दांवरून निवडलेले होते. प्रथिने ओळखण्याच्या या पद्धतीत काळ्या पट्ट्यांची चित्रे मिळतात. भूगर्भशास्त्राविषयी किंवा खगोलशास्त्राविषयी हा आकडा काहीच सांगत नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. चित्राच्या भूमितीवरून माणसाच्या हेतूकडे उडी मारणे सोपे, पण धोक्याचे. काचपट्टी सरकवताना, फिरवताना तीच जागा नकळत दुसऱ्यांदा टिपली गेली, तर ते चित्रही फिरलेले दिसेल. या दोन शक्यता वेगळ्या करता येतात. दोनदा टिपलेल्या चित्रांत पेशी त्याच असल्या तरी कॅमेऱ्याचा बारीक रवा वेगळा असतो. एकाच चित्राच्या दोन प्रतींत रवाही तोच असतो. मात्र छापताना चित्र आक्रसले की हा रवा पुसला जातो. तेव्हा मूळ फाइल मागितल्याशिवाय निवाडा करता येत नाही. निबंधाचे लेखक हेतूविषयी जपूनच बोलतात. त्यांचा दाखला देणारे तितके जपत नाहीत.

पण मला सर्वांत खटकते ते वेगळेच. ही सारी पद्धत पुनरावृत्ती शोधते. पुनरावृत्ती न करता केलेली मांडामांड तिला दिसत नाही. 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'ने २००२ पासून स्वीकारलेल्या निबंधांची चित्रे तपासायला सुरुवात केली. त्या अनुभवावर माइक रॉसनर आणि केनेथ यामादा यांनी २००४ साली लिहिलेल्या लेखात एक उदाहरण आहे. वेगवेगळ्या दृश्यक्षेत्रांतल्या पेशी आणून एकाच चित्रात शेजारी शेजारी बसवल्या होत्या. एकही पेशी खोटी नव्हती, एकही दोनदा आलेली नव्हती. चित्रातला उजेड-अंधाराचा फरक वाढवल्यावर काळ्या पार्श्वभूमीतून जोडांच्या रेघा वर आल्या. अशा वेळी बाबाबा कसोटी निरुपयोगी.

'पेशी खऱ्याच आहेत ना, मग जागा बदलली तर काय बिघडले?' हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतील, आणि तो टाळू नये. पेशी एकमेकींना रासायनिक संदेश देतात. कोणती कोणाच्या शेजारी आहे यावर तिचे वागणे ठरते. विभाजन होणारी पेशी कोणत्या दिशेला तोंड करून आहे, यावरून ऊतीची वाढ कोणीकडे होणार हे कळते. म्हणजे जागा आणि दिशा ही चित्राची सजावट नव्हे, मोजमापे आहेत. पेशी फिरवणे म्हणजे तक्त्यातला आकडा बदलणे. शिवाय चार जागांहून निवडलेल्या चार 'चांगल्या' पेशी एकत्र दिसल्या की वाचकाला वाटते, सगळीकडे असेच आहे. न दाखवलेल्या पेशींचा प्रश्नच त्याला पडत नाही.

रॉसनर आणि यामादा यांनी यावर सांगितलेला उपाय अगदी साधा आहे. वेगवेगळ्या जागांची चित्रे एकत्र ठेवायची असतील, तर त्यांच्यामध्ये रेघ किंवा मोकळी जागा ठेवावी आणि चित्राखाली तसे लिहावे. कांद्याच्या पापुद्र्याचा तक्ता करताना शाळेतही हे सहज पाळता येईल. आज संगणक मुळात नसलेल्या पेशींची चित्रेही तयार करतो; त्यांत पुनरावृत्तीही नाही आणि जोडाची रेघही नाही. त्यांच्यासाठी बिक यांची वर्गवारी अपुरी पडते. कॅमेऱ्यातून निघालेली पहिली फाइल आणि ती केव्हा, कोणत्या काचपट्टीवरून घेतली याची वहीतली नोंद पाहणे, एवढाच मार्ग तेथे उरतो.