पाहुणा, भाडेकरू आणि यजमान

राहते घर अधूनमधून दोनचार दिवसांसाठी प्रवाशांस भाड्याने द्यावे की नाही, याविषयी गोमंतकात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, अतिथीस देव मानावे असा तैत्तिरीयोपनिषदाचा उपदेश असता त्याच्याकडून खोलीचे पैसे घेणे हा संस्कृतीचा विक्रय होय. दुसरा म्हणतो, घर आमचे, किल्ली आमची. इतरांनी त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही. आम्हांस हे दोन्ही पक्ष सारखेच सदोष वाटतात.

पहिल्या पक्षाने आपल्याच देवस्थानांकडे पाहावे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथील अग्रशाळांत महाजन आणि भाविक पिढ्यान् पिढ्या उतरत आले आहेत. तेथे आज खोलीचे शुल्क घेतात, नियमही सांगतात; म्हणून देवाच्या दारी आलेल्याचा अवमान झाला असे कोणी मानीत नाही. पैसा घेतल्याने आतिथ्य नासत नाही. पैसा घेऊन तो न घेतल्याचा आव आणल्याने नासते. दर रात्रीचे दाम मोजून घ्यावयाचे, आणि नोंदणीचा विषय निघताच ‘हे आमचे पाहुणे’ म्हणावयाचे, ही खरी अप्रतिष्ठा. पर्यटकांस मोबदला घेऊन जागा देणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंद करावी, असा गोव्याचा १९८२ चा कायदा आहे. परदेशी पाहुणा उतरल्यास त्याची माहिती शासनास कळविण्याचे बंधनही आहे. ही बंधने जाचक वाटोत. परंतु पाहुणचाराच्या नावाखाली ती चुकविणे यजमानास शोभत नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. ‘घर आमचे’ यातील ‘आमचे’ म्हणजे नेमके कोणाचे? पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या गोव्याच्या कुटुंबकायद्याप्रमाणे, विवाहापूर्वी निराळा करार झाला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामायिक होते, आणि वारसाहक्कात मुलांचा अर्धा वाटा राखीव असतो. शिवाय कित्येक मूळ घरांची वाटणीच झालेली नाही. एक भाऊ घरी, दुसरा मुंबईस, बहीण बडोद्यास. अशा घराचा चौक आणि माजघर एकाने परस्पर भाड्याने द्यावे, हे कायद्यास सोडाच, नात्यासही धरून नाही. चतुर्थीस मूळ घरच्या गणपतीला आलेल्या भावंडांना देवखोलीशेजारी परक्यांच्या पेट्या दिसल्या, तर त्या दिवशीच्या भाड्याची किंमत फार मोठी पडली असे म्हणावे लागेल.

खरी कसोटी ‘अधूनमधून’ या शब्दात आहे, आणि हा प्रश्न केवळ गोमंतकाचा नाही. ज्या एअरबीएनबी कंपनीमुळे ही पद्धत जगभर पसरली, तिचा आरंभ २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला. शहरातील हॉटेले भरली असता दोन तरुणांनी आपल्या राहत्या जागेत हवेच्या गाद्या टाकून प्रवाशांस उतरविले. यजमान घरात होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे रिकामी घरेच या धंद्यास लागली, तेव्हा शहरांना मर्यादा घालाव्या लागल्या. लंडनमध्ये २०१५ पासून नियोजन-परवानगीवाचून संपूर्ण घर वर्षाकाठी ९० रात्रींहून अधिक असे देता येत नाही. न्यूयॉर्कने २०२३ पासून नोंदणी सक्तीची केली. तेथे तीस दिवसांहून कमी मुक्कामात यजमानाने घरातच असले पाहिजे. या नियमांचा मथितार्थ एकच: घर भाड्याने गेले तरी ते घरच्यांकडे परत आले पाहिजे. बारा महिने परक्यांच्याच ताब्यात असलेली वास्तू ही खाणावळीसारखा एक धंदा होय. तो करण्यास आमची हरकत नाही. त्यास ‘आपले घर’ म्हणू नये, इतकेच.

जीर्ण छपराची कौले बदलावयास पैसा लागतो, आणि निवृत्त दांपत्यास चार रात्रींचे भाडे आधार देते. त्यांस नावे ठेवणाऱ्यांत ती कौले बदलून देणारे थोडेच. अशा कुटुंबांस आमचे सांगणे एवढेच, की सहहिस्सेदारांची संमती लेखी घ्यावी, नोंदणी करावी, आणि तारखा देण्यापूर्वी पंचांग उघडून चतुर्थी, श्राद्धतिथी व आपल्या कुलदेवतेची जत्रा हे दिवस आधी राखून ठेवावे. मंगेशीची जत्रा माघी पौर्णिमेस, म्हणजे नेमकी प्रवाशांच्या हंगामात येते. त्या रात्री घर कोणासाठी उघडे असते, यावरून ते घर कोणाचे, हे कळेल.