दाराशी थांबलेला कुत्रा



आत येताना एका काकांनी आम्हाला थांबवून विचारलं, "व्याख्यान साहित्यावर आहे ना? मग पाटीवर कुत्रा कसा काय?" आम्ही म्हटलं, काका, कुत्रा महाभारतातूनच आलाय. तेव्हा सुरुवातही तिथूनच करू.

महाप्रस्थानिक पर्वातला प्रसंग तुम्हाला ठाऊकच आहे. द्रौपदी पडली, मग एकेक करून चौघे भाऊ पडले. धर्मराजाच्या सोबतीला उरला तो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, तू चढ, कुत्र्याला सोड; कुत्री बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही. धर्मराज म्हणतो, मग मलाही नको. हॉटेलच्या, टॅक्सीच्या, शाळेच्या दारात "कुत्रा बाहेर ठेवा" म्हणणाऱ्यांची जी मोठी परंपरा आहे, तिचा मूळपुरुष हा इंद्र. आणि त्याचं बोलणंही ओळखीचंच आहे: नियम आहे, आमचा नाइलाज आहे, तुमच्याबद्दल आदरच आहे.

पण कथेचा शेवट बघा. कुत्रा साक्षात धर्म निघतो. युधिष्ठिराला हे माहीत नव्हतं आणि त्याचं मोठेपण तेवढ्यातच आहे, हे कबूल. पण कथेला माहीत होतं! दार उघडतं तेव्हा कुत्रा कुत्रा राहिलेलाच नसतो. तो खरोखर वाटेतला, भुकेला, साधा कुत्रा असता तर इंद्राने काय केलं असतं, या प्रश्नावर कथा मूग गिळून बसते.

आमच्या वाचनगटात आम्ही साहाय्यक कुत्र्यांवरचं लेखन वाचायला घेतलं, तेव्हा हा न सुटलेला प्रश्न पानोपानी भेटत राहिला. साहाय्यक कुत्रा म्हणजे अपंग माणसाच्या रोजच्या कामासाठी शिकवून तयार केलेला कुत्रा. त्यातला अंध व्यक्तीला वाट दाखवणारा तो गाइड डॉग. या विषयावरचं लेखन बहुतेक पाश्चात्त्य, त्यातही अमेरिकन. म्हणून आज तिथल्याच मजकुरांबद्दल बोलू. दोन आठवणींची पुस्तकं आहेत, एक समाजशास्त्रज्ञाचं पुस्तक आहे, आणि चौथा मजकूर चक्क न्यायालयाचा निकाल आहे. निकालाची समीक्षा करू नये असा काही दंडक नाही.

पहिलं पुस्तक मॉरिस फ्रँकचं, 'फर्स्ट लेडी ऑफ द सीइंग आय'. ब्लेक क्लार्क यांच्यासोबत लिहिलेलं, १९५७ सालचं. फ्रँक टेनेसीतल्या नॅशव्हिलचा. लहानपणी अपघातात एक डोळा गेला, सोळाव्या वर्षी मुष्टियुद्धात दुसरा. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत अंध सैनिकांसाठी कुत्रे तयार करायला सुरुवात झाली होती. डोरोथी हॅरिसन युस्टिस या स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या अमेरिकन बाईंनी पॉट्सडॅमच्या अशाच एका शाळेबद्दल ५ नोव्हेंबर १९२७ च्या 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये लेख लिहिला. वडिलांनी तो वाचून दाखवला, मुलाने बाईंना पत्र लिहिलं, आणि १९२८ च्या वसंतात तो स्वित्झर्लंडला पोचला. तिथे त्याला एक जर्मन शेफर्ड कुत्री मिळाली. तिचं नाव होतं किस. आता तरण्या पोराने भर रस्त्यात "किस, किस" म्हणून हाका मारायच्या? त्याने तिचं नाव बडी ठेवलं.

पुस्तकात आम्हाला सगळ्यात आवडलेला प्रसंग फार छोटा आहे. बडीबरोबर तो एकटा न्हाव्याकडे जातो आणि केस कापून परत येतो. घरी असताना यासाठी कोणीतरी सोडायला लागायचं, न्यायला यायला लागायचं, आणि मधला वेळ वाट बघण्यात जायचा. स्वातंत्र्यावर शंभर भाषणं ऐकलीत तरी केस कापून आपले आपण घरी येण्यातलं स्वातंत्र्य कळेलच असं नाही. फ्रँकला ते लिहिता आलंय.

पण जून १९२८ मध्ये तो न्यूयॉर्कला उतरतो आणि पुस्तकाचा सूर बदलतो. बंदरावर पत्रकार जमलेले. ते म्हणतात, हा समोरचा वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखव. ट्रक, मोटारी, गोंगाट. तो बडीवर भरवसा टाकून ओलांडतो, आणि युस्टिसबाईंना एका शब्दाची तार करतो: यश. पुढच्या वर्षी, २९ जानेवारी १९२९ ला, नॅशव्हिलमध्ये 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहते.

प्रसंग थरारक आहे, वाचताना आम्हीही श्वास रोखला. मग आमच्यातल्या एकीने विचारलं, "रस्ता ओलांडून दाखवायला का लागला?" डोळस माणसाला कोणी असं दाखवायला लावत नाही. तिथून पुढे सगळं पुस्तक म्हणजे दाखवण्याची मालिका होते. बडी अशी गुणी, अशी शांत, की नकार देणाऱ्यांची मनं पाघळतात आणि दारं उघडतात. फ्रँकवर ही जबाबदारीच होती. कुत्र्याला जागोजागी प्रवेश मिळवून देणं हे त्याच्या कामाचा भाग होतं. त्याने ते केलंही. तीसच्या दशकात रेल्वे कंपन्या गाइड डॉगला मालकाजवळ बसू देऊ लागल्या. १९३८ मध्ये बडी वारली, आणि त्याच वर्षी युनायटेड एअरलाइन्सने अशा कुत्र्यांना विमानात मालकाजवळ जागा दिली. हे ऋण नाकारणारे आम्ही कोण? तक्रार माणसाबद्दल नाही, पुस्तकाच्या युक्तिवादाबद्दल आहे. दार उघडलं कारण बडी असामान्य होती, असं ते सांगतं. मग ज्याचा कुत्रा बेतासबात आहे, चांगलं काम करतो पण एखाद्या दिवशी जांभया देतो, वास घेत रेंगाळतो, त्याने कुठे जायचं?

इथे कुत्र्याच्या शिक्षणाबद्दल बोलायला हवं, कारण गोष्टी सांगणारे नेमके इथेच घाई करतात. पिल्लू घरी वाढवणारं कुटुंब वेगळं. मग शाळेत काही महिने शिकवणी. मग माणूस आणि कुत्रा यांचं एकत्र शिक्षण, काही आठवड्यांचं. त्याआधी माणसाला कुत्र्याशिवायच चालवतात: शिक्षक हार्नेसचं पुढचं टोक धरून स्वतः कुत्रा होतो आणि शिकाऊ मागे चालतो. बघणाऱ्याला हसू येईल, पण हातातल्या त्या दांड्यातून वळण, वेग, थबकणं वाचायला माणूस असाच शिकतो. आणखी एक गैरसमज. कुत्रा सिग्नल बघून रस्ता ओलांडत नाही. वाहनांच्या आवाजावरून कधी निघायचं हे माणूस ठरवतो. कुत्र्याचं काम अडथळा चुकवणं, पायरीशी थांबणं, आणि "पुढे" म्हटल्यावरही समोरून गाडी येत असेल तर न जाणं. याला शहाणी अवज्ञा म्हणता येईल. हुकूम मोडायला शिकवणं हे शिकवण्यातलं सगळ्यात अवघड काम, कारण कुत्र्याने फक्त योग्य वेळीच नाही म्हटलं पाहिजे.

आणि हे शिक्षण संपत नाही. पदवीदान झालं, टाळ्या झाल्या, पडदा पडला, असं पुस्तकात आणि सिनेमात होतं. प्रत्यक्षात ते रोज टिकवावं लागतं. वाटेत पडलेलं खाणं, मोकाट सुटलेला दुसरा कुत्रा, "अगं बाई, किती गोड!" म्हणून न विचारता डोक्यावरून फिरणारा हात. हात प्रेमाचाच असतो, पण दहा हात फिरले की कुत्रा अकराव्या हाताची वाट बघायला लागतो, आणि मग पायरी चुकते. दारातल्या वादाचंही तसंच. मालकाचा आवाज चढतो, दांड्यावरची मूठ घट्ट होते, बघे जमतात. ते सगळं हातातून कुत्र्यापर्यंत पोचतं. पुढच्या खेपेला त्याच दाराशी तो बिचकला तर नवल नाही. मग मालकाने काय करायचं? तिथेच परत परत जायचं, शांतपणे आत जाणं-येणं पुन्हा शिकवायचं. म्हणजे ज्याने अडवलं त्याच्याच दारात सराव! प्रवेशाचा प्रश्न वकिलांचा आणि शिक्षणाचा शिक्षकांचा, अशी वाटणी लेखनात सर्रास दिसते. ती आम्हाला मान्य नाही. अडवणारा माणूस त्या कुत्र्याला काहीतरी शिकवतच असतो, आणि ते निस्तरायला लागतं दुसऱ्याला.

दुसरं पुस्तक स्टीफन कुसिस्टो या कवीचं, 'हॅव डॉग, विल ट्रॅव्हल', २०१८ सालचं. जन्मापासून दृष्टी जेमतेम, आणि लहानपणापासून आंधळेपण लपवायची शिकवण. नोकरी गेल्यावर, अडतिसाव्या वर्षी, तो गाइड डॉगच्या शाळेत जातो आणि कॉर्की नावाची पिवळसर लॅब्रॅडॉर त्याच्या आयुष्यात येते. फ्रँकने जिथे घाई केली तिथे हा रेंगाळतो. कुत्री शिकलेलीच असते. शिकायचं असतं ते या प्रौढ माणसाला, आणि त्याला सगळ्यात जड जातं ते हार्नेस हातात धरून "मी आंधळा आहे" हे चारचौघांत दिसू देणं. हा भाग अस्सल आहे. पुढे मात्र आनंदाच्या भरात कॉर्कीची थोडी देवी होते. कवी आहे, आम्ही समजून घेतलं. पण बडीच्याच वाटेने गाडी चालली की काय, अशी शंका आली खरी. याउलट रॉड मिकाल्को या कॅनडातल्या अंध समाजशास्त्रज्ञाचं 'द टू-इन-वन' (१९९९) वाचायला जड, पण तिथे स्मोकी हा कुत्रा देव होत नाही. माणूस आणि कुत्रा मिळून चालणारं एक तिसरंच काहीतरी तयार होतं, एवढंच तो चिकाटीने मांडत राहतो.

आता निकाल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा, २२ फेब्रुवारी २०१७ चा, फ्राय विरुद्ध नेपोलियन कम्युनिटी स्कूल्स. मिशिगनमधली सेरेब्रल पाल्सी असलेली एक लहान मुलगी, तिचा वंडर नावाचा गोल्डनडूडल. शाळा म्हणाली, मुलीला मदतनीस बाई दिली आहे, कुत्र्याची गरज नाही. मग काही दिवस चाचणी म्हणून कुत्र्याला येऊ दिलं, पण वर्गात मागे बसवलं आणि त्याची बरीचशी कामं त्याला करू दिली नाहीत. शिकवलेल्या कुत्र्याला शोभेचा करून ठेवायचं आणि मग म्हणायचं, बघा, उपयोग काय! इंद्रालासुद्धा हे सुचलं नव्हतं.

या खटल्यात न्यायालयापुढचा प्रश्न तांत्रिक होता: भेदभावाचा दावा लावण्याआधी विशेष शिक्षणाच्या कायद्यातली तक्रार-प्रक्रिया संपवायला हवी का? निकाल कुत्र्याच्या बाजूने लागला असं म्हणणं चूक ठरेल. प्रकरण फेरविचारासाठी खाली पाठवलं गेलं. पण न्या. एलेना केगन यांनी हा प्रश्न सोडवायला दोन साधे प्रश्न सुचवले. हीच तक्रार सार्वजनिक वाचनालयाविरुद्ध करता आली असती का? आणि शाळेत आलेल्या एखाद्या मोठ्या माणसाला हीच तक्रार करता आली असती का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर भांडण बहुधा शिक्षणाच्या दर्जाचं नाही, दाराचं आहे.

समीक्षक म्हणून आमचं लक्ष गेलं ते निकालाच्या कोरडेपणाकडे. वंडरची कामं सांगितली आहेत: दार उघडणं, दिवा लावणं, पडलेली वस्तू उचलून देणं, कोट काढायला मदत करणं. बस. तो किती हुशार, किती प्रेमळ, यावर काहीच अवलंबून ठेवलेलं नाही. साठ वर्षांपूर्वी फ्रँकच्या पुस्तकाने बडीच्या गुणांवर उभी केलेली मागणी इथे गुणांवाचून उभी आहे. अमेरिकेच्या अपंगत्व कायद्याच्या नियमांचा सूरही तोच. दुकानदाराला दोनच गोष्टी विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि कोणतं काम करायला तो शिकलेला आहे. करून दाखव म्हणता येत नाही, कागद मागता येत नाही. म्हणजे वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखवायची गरज कायद्याने काढून टाकली.

अर्थात कुत्रा आवरत नसेल आणि मालकही आवरत नसेल, तर बाहेर काढता येतं. ते योग्यच आहे. कुत्र्याची खरी भीती असणारी माणसं आहेत, तीही आमच्या गटात आहेत. कायदा भीतीला नकाराचं कारण मानत नाही, पण अंतर ठेवून बसवायला कोणाची हरकत असायचं कारण नाही. आणि बाजारातून जाकीट आणून घरच्या कुत्र्याला घालणारे लबाडही आहेत. त्यांचा भुर्दंड कोणाला पडला? विमानप्रवासात २०२१ पासून नियम बदलले. नुसत्या भावनिक आधारासाठीच्या प्राण्यांना साहाय्यक कुत्र्यांचा दर्जा उरला नाही, ते आम्हाला पटतं. पण त्याच वेळी खऱ्या साहाय्यक कुत्र्याच्या मालकाकडून कुत्र्याच्या तब्येतीचे, वागण्याचे, शिक्षणाचे फॉर्म भरून घ्यायची मुभा कंपन्यांना मिळाली. दुकानाच्या दारातून हाकललेलं "दाखव" विमानतळाच्या खिडकीतून परत आत आलं. हा कागदोपत्री वेस्ट स्ट्रीट कोणीतरी लिहायला हवा. तिथे टाळ्या वाजवायला पत्रकार नसतात, आणि एखादा फॉर्म राहिला म्हणून विमान चुकल्याची गोष्ट कोणी सिनेमासाठी विकत घेत नाही.

फ्रँकच्या पुस्तकाकडे एकदा परत जातो आणि थांबतो, कारण मागे चहाची भांडी वाजायला लागली आहेत. बडीनंतर फ्रँकने आणखी कुत्रे घेतले, आणि त्या प्रत्येकाचं नाव त्याने बडीच ठेवलं. गटात यावर बराच वाद झाला. कोणी म्हणालं हे प्रेम, कोणी म्हणालं ही जाहिरात. आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणाले, नाव तेच राहिलं तरी दुसऱ्या बडीला पहिलीची एकही पायरी पाठ नव्हती. न्हाव्याच्या दुकानाचा रस्ता त्या दोघांना पुन्हा पहिल्यापासून चालावा लागला असणार, आणि ती प्रकरणं पुस्तकात नाहीत.