हौशे, नवशे आणि त्यांचें सामाईक जग

जत्रेला जाणाऱ्या लोकांचे हौशे, नवशे आणि गवशे असे तीन वर्ग आमच्या बोलींत फार पूर्वीपासून रूढ आहेत. इंटरनेटवर हजारों माणसें एकाच कल्पित राज्यांत योद्धा, मांत्रिक, वैद्य अशा भूमिका घेऊन जे खेळ खेळतात, त्यांच्या परीक्षणांतही ह्या वर्गीकरणाचा उपयोग होण्यासारखा आहे. त्या खेळाडूंमध्यें ‘कॅज्युअल’ आणि ‘हार्डकोअर’ यांचा जो वाद वर्षानुवर्षें चालला आहे, तो वस्तुतः हौशे आणि नवशे यांचाच वाद होय. एकाला सवडीप्रमाणें खेळावयाचें असतें. दुसऱ्यानें आपल्या सोबत्यांस ठराविक वारीं, ठराविक वेळीं हजर राहण्याचें वचन दिलेलें असतें. गवशांचा, म्हणजे खेळांतील सोनें खऱ्या पैशाला विकणाऱ्यांचा, विचार येथें कर्तव्य नाहीं.

सामान्यतः हा भेद तासांनीं मोजतात. आमच्या मतें हें मापच खोटें आहे. एसेक्स विद्यापीठांत १९७८ सालीं रॉय ट्रबशॉ यांनीं आरंभिलेला आणि रिचर्ड बार्टल यांनीं पुढें नेलेला ‘मड’ हा केवळ शब्दांनीं खेळावयाचा खेळ ह्या परंपरेचा मूळपुरुष होय. त्याच बार्टल यांनीं १९९६ सालच्या एका निबंधांत खेळाडूंचे चार वर्ग पाडले : यश मिळविणारे, जग धुंडाळणारे, गप्पागोष्टींत रमणारे आणि दुसऱ्यास सतावणारे. तेथें कोण किती वेळ खेळतो हा प्रश्न नाहीं. कोण कशासाठीं खेळतो हा आहे. रोज चार तास नुसता रानावनांत हिंडणारा हौशाच राहतो. आणि आठवड्यांतून दोनच रात्री खेळणारा, पण त्या कधींही न चुकविणारा, नवशा असूं शकतो.

ह्या कसोटीवर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ ही कृति पारखून पाहूं. नोव्हेंबर २००४ मध्यें ती अमेरिकेंत प्रसिद्ध झाली आणि अद्याप चालू आहे. आरंभींच्या प्रवासांत तिनें हौशांस चांगली सवलत दिली होती : सराईंत मुक्काम करून खेळ सोडणाऱ्याला, परत आल्यावर कांहीं काळ, प्रत्येक शिकारीचा दुप्पट अनुभव पदरांत पडे. परंतु साठाव्या म्हणजे अखेरच्या पायरीवर चित्र पालटे. तेथील थोरल्या स्वाऱ्यांस चाळीस माणसें लागत. जून २००६ मध्यें उघडलेली ‘नॅक्सरामास’ ही तरंगती प्रेतनगरी त्यांत सर्वांत दुर्गम होती. जानेवारी २००७ मध्यें खेळाचा विस्तार होऊन पायऱ्या सत्तर झाल्या, आणि बहुसंख्य खेळाडूंनीं आंतून न पाहतांच ती नगरी मागें पडली. महिना सुमारें १५ डॉलर वर्गणी आम्हीही भरतों, मग उत्तम भाग मूठभरांसाठींच कां, ही हौशांची तक्रार न्याय्य होती. पण कष्टावांचून मिळालेल्या मानाला मोल काय, हें नवशांचें उत्तरही पोकळ नव्हतें.

दोहोंच्या मागणीला कर्त्यांनीं जीं उत्तरें दिलीं, त्यांतलीं दोन आम्हांस सदोष वाटतात. पहिलें, खेळाडूंच्या आपसांतील युद्धांतले दर्जे. २००५ व २००६ सालीं हे दर्जे दर आठवड्याला इतरांच्या तुलनेनें ठरत आणि विसांवा घेतला कीं घसरत. नवसांत माणूस स्वतःला बांधून घेतो. येथें शेजाऱ्याचें जागरण त्याला बांधीत होतें. डिसेंबर २००६ मध्यें ही पद्धत बंद झाली, हें योग्यच झालें. दुसरें उत्तर नेमकें उलट. नोव्हेंबर २०११ पासून पंचवीस अनोळखी माणसें यंत्रानेंच जमवून सौम्य स्वारीवर पाठविण्याची सोय झाली. अखेरचा शत्रु सर्वांस दिसला. पण स्वारी संपतांच सोबती पांगत, आणि चुकणाऱ्यास शिकविण्यापेक्षां घालवून देणें सोपें झालें. हौशाला देवळाचा कळस दिसला, परंतु जत्रा हरवली.

खरें उत्तर त्याच कृतींत जानेवारी २००६ मध्येंच सांपडलें होतें. ‘आन्किराज’ येथील वेशीचे दरवाजे उघडण्यापूर्वीं प्रत्येक सर्व्हरवरील सर्व रहिवाशांनीं मिळून युद्धसामग्री गोळा करावयाची होती : तांब्याच्या कांबी, मलमपट्ट्या, वनस्पति, शिजविलेलें अन्न. नवख्यालाही तांबें खणतां येई. घंटेवर घाव घालण्यासाठीं लागणारा राजदंड मात्र अत्यंत खडतर कामगिरीनेंच मिळे, आणि त्यामागें मोठमोठीं पथकें राबत. म्हणजे हौशाच्या मुठीवांचून नवशाची घंटा व्यर्थ, आणि नवशाच्या घंटेवांचून हौशाचा ढीग व्यर्थ. दरवाजे उघडल्यावर दहा तास युद्ध चाललें. गर्दीनें यंत्रेंही अडखळलीं. तरी मान आणि प्रवेश यांची इतकी उत्तम वांटणी ह्या कृतीनें दुसरीकडे क्वचितच केली असेल.

ज्या घरांत असा खेळाडू आहे, त्यांसही ह्यांतून कांहीं घेण्यासारखें आहे. मुलगा किती तास बसतो, एवढेंच विचारून निदान होत नाहीं. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणांत खेळाच्या व्यसनाची गणना आहे. पण तीही तासांवर बांधलेली नाहीं. आवर सुटला कीं काय, इतर कर्तव्यें मागें पडलीं कीं काय, हानि दिसत असूनही खेळ चालूच आहे कीं काय, हें ती पाहते. त्याच्या जोडीला आम्ही आणखी एक प्रश्न सुचवूं : ह्यानें वचन कोणाला दिलें आहे, आणि तें तो मागें घेऊं शकतो काय? सोबत्यांस दिलेला शब्द पाळणें हा दुर्गुण नव्हे. परंतु कोणताही नवस फेडून घरीं परततां आलें पाहिजे. जी कृति हौशाला दारांत अडविते ती अनुदार, आणि जी नवशाला परत जाऊं देत नाहीं ती क्रूर. ह्या खेळांचें मूल्यमापन करणारांनीं चित्रांच्या झगमगाटापूर्वीं हें पाहावें.