व्यापारी आंतरजाल-दूरध्वनी : स्वस्ताईच्या कसोटीची मर्यादा

तारेचा दूरध्वनी सोडून व्यापारी संस्था आंतरजालावरील दूरध्वनीकडे का वळल्या, याविषयी गेल्या तीस वर्षांत विपुल लेखन झाले आहे. त्यातील मोठा भाग ‘नवे कल’ या सदरात मोडतो, आणि त्याचा कर्ता पुष्कळदा तीच सेवा विकणारा असतो. एवढ्यावरून ते लेखन त्याज्य ठरत नाही. परंतु त्याची कसोटी लेखनापूर्वीच ठरलेली असते. दर मिनिटाचा खर्च किती उतरला आणि एका यंत्रावर किती सोयी मिळाल्या, या दोन प्रश्नांपलीकडे ते सहसा जात नाही. ही कसोटी अपुरी आहे. किंबहुना जेथे ती लागू पडते असे वाटते, तेथेही ती स्वस्ताईचे खरे कारण झाकून टाकते.

प्रथम यंत्ररचनेचा विचार अवश्य आहे. जुन्या व्यवस्थेत संभाषण चालू असेपर्यंत दोन टोकांमधील एक मार्ग त्या दोघांसाठीच राखलेला असे. ते गप्प बसले तरी मार्ग अडलेलाच राही. आंतरजालावर आवाजाचे लहान तुकडे पाडून, प्रत्येकावर पत्ता घालून, ते सामाईक मार्गाने धाडले जातात. जी.७११ या मानकानुसार सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, म्हणजे २० मिलिसेकंदांच्या तुकड्यात १६० बाइट आवाज भरतो, आणि त्यावर पत्त्याचे वेष्टन ४० बाइटांचे चढते. जी.७२९ या मानकाने आवाज आठपट आवळला की तो २० बाइटांवर येतो. वेष्टन मात्र ४० बाइटांचेच राहते. सेकंदाला ८० किलोबिटांचा भार त्यामुळे १० वर न येता २४ वर येतो. पत्रापेक्षा पाकीट जड, असा हा प्रकार. स्वस्ताईचे श्रेय सर्वस्वी तंत्राला देणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घेतलेला दिसत नाही.

याच आवळण्यामुळे नव्या तंत्राचा एक अस्सल लाभही व्यापारी वापरात अनेकदा वाया जातो. जुना दूरध्वनी साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज वाहून नेई. ‘स’सारख्या घर्षक वर्णाला वेगळेपण देणारी ऊर्जा बहुतांशी त्याच्या वर असते, म्हणून दूरध्वनीवर नाव सांगताना अक्षर फोडून सांगावे लागे. जी.७२२ हे ७,००० हर्ट्झपर्यंत जाणारे मानक १९८८ सालीच सिद्ध झाले होते. तरीही पैसे वाचविण्यासाठी अरुंद मानक निवडावयाचे, किंवा कॉल जुन्या जाळ्यात शिरताच तो पुन्हा अरुंद होऊ द्यावयाचा, हेच बराच काळ चालत आले.

मग स्वस्ताई आली कोठून? भारतापुरते तिचे उत्तर दरपत्रकात आहे. स्थानिक सेवा स्वस्त ठेवता यावी म्हणून लांब पल्ल्याचे दर दीर्घकाळ चढे ठेवले गेले होते. आंतरजालाचा दर अंतरावर अवलंबून नव्हता. या दोहोंतील फरक हाच नफा होता. व्होकलटेक या इस्रायली कंपनीने १९९५ साली संगणकावरून बोलण्याची प्रणाली विक्रीस आणली, तेव्हा भारताची परदेशी दूरध्वनी-वाहतूक विदेश संचार निगमच्या एकाधिकारात होती. तो एकाधिकार संपला आणि आंतरजाल-दूरध्वनीला कायदेशीर वाट मिळाली, या दोन्ही गोष्टी एप्रिल २००२ च्या आरंभीच घडल्या. परंतु ती वाट अर्धीच होती. संगणकावरून संगणकाशी किंवा परदेशातील दूरध्वनीशी बोलता येई. देशातील साध्या दूरध्वनीशी नाही. कॉल सेंटरांना परदेशी आणि देशी वाहतूक वेगळी ठेवावी लागे, म्हणजे एकाच कार्यालयात दोन व्यवस्था आणि त्यांच्यामध्ये नियमाची भिंत. जून २०१८ मध्ये परवान्यांच्या अटी स्पष्ट करून साध्या दूरध्वनीशी जोडणीची वाट मोकळी झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये कॉल सेंटरांची नोंदणी रद्द झाली. जून २०२१ मध्ये देशी-परदेशी हा भेदही गेला. भारतात प्रसार मंद का झाला, याचे कारण व्यापाऱ्याच्या सावध वृत्तीत शोधणे म्हणूनच व्यर्थ होय.

त्या भिंतीच्या आडोशाने एक चोरटा धंदाही वाढला. २०१७ साली लातूर येथे दहशतवादविरोधी पथकाने अवैध दूरध्वनी-केंद्रे उघडकीस आणली. परदेशातील कॉल आंतरजालाने आणून सिमकार्डांमधून स्थानिक म्हणून सोडावयाचा, ही अशा केंद्रांची रीत असते. जेथे दोन दरांमध्ये फट असते तेथे असे केंद्र निघणारच. पण या रीतीत दराहून गंभीर अशी एक गोष्ट घडते. कॉल घेणाऱ्याला दिसणारा क्रमांक खोटा होतो. खर्चाच्या कसोटीतून निसटणारा मुख्य प्रश्न येथे सुरू होतो.

मुंबईत १८८२ साली पहिले केंद्र निघाले तेव्हापासून दूरध्वनीची ओळख म्हणजे केंद्रापासून विशिष्ट जागेपर्यंत गेलेली तारेची जोडी होती. क्रमांक माणसाचा नव्हे, जागेचा असे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आणि २००२ साली सुधारलेल्या एसआयपी या संकेतपद्धतीने हा संबंध सोडविला: पत्ता वापरणाऱ्याचा झाला, आणि तो जेथून नोंद करील तेथे कॉल जाऊ लागला. मार्च २०२० मध्ये कार्यालये ओस पडली असता अनेकांचे कामकाज घरून चालू राहिले ते काही अंशी यामुळेच. हा लाभ मोठा आहे, आणि कलांचे लेखन तो योग्य शब्दांत सांगते. परंतु जागा सुटली तेव्हा जागेला चिकटलेली उत्तरदायित्वेही सुटली.

अमेरिकेचा अनुभव येथे उपयोगी पडतो. आंतरजाल-दूरध्वनीवरून ९११ फिरविणाऱ्याचा ठावठिकाणा मदत-केंद्राला कळेना, म्हणून तेथील दळणवळण आयोगाला २००५ साली कंपन्यांवर तशी सक्ती करावी लागली. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सास राज्यातील एका हॉटेलात एका स्त्रीची हत्या होत असताना तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा ९११ फिरविले. बाहेरच्या कॉलसाठी आधी आणखी एक ९ लावावा लागतो हे तिला ठाऊक नव्हते. हा दोष आंतरजालाचा नव्हता, व्यापारी संस्थेच्या अंतर्गत केंद्राचा होता. परंतु सोय संस्थेची आणि जोखीम परक्याची, ही मांडणी दोहोंत सारखीच आहे. त्यावरून झालेला ‘केरीचा कायदा’ २०१८ साली संमत होऊन फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला.

सुटलेल्या क्रमांकाची दुसरी बाजू महाराष्ट्राने पाहिली. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तेथून अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून अमेरिकनांना धमकावले जात असल्याचे उघड झाले. अशा फसवणुकीचा आधार दिसणारा क्रमांक हाच असतो. पुढे उलट दिशेचा प्रवाह भारतावर आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, परदेशातून भारतीय क्रमांक धारण करून येणारे कॉल अडविणारी यंत्रणा दूरसंचार विभागाने सुरू केली, आणि पहिल्या चोवीस तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडविल्याचे जाहीर केले. दर मिनिटाच्या खर्चाच्या तक्त्यात या आकड्याला जागा नाही, आणि तरीही कोणत्याही प्रामाणिक व्यापाऱ्याचा कॉल आज ग्राहक उचलत नाही, त्याच्या मुळाशी तोच आहे.

शेवटी विजेची बाब. जुन्या तारेतून आवाजाबरोबर केंद्राच्या बॅटरीची ४८ व्होल्टची वीजही येत असे, म्हणून दिवे गेले तरी दूरध्वनी चाले. ब्रिटनमध्ये जुने जाळे डिसेंबर २०२५ मध्ये बंद व्हावयाचे होते. वृद्ध व आजारी व्यक्तींच्या घरातील मदत-घंटा नव्या जोडणीवर बंद पडल्याच्या गंभीर घटनांनंतर २०२४ साली ती मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यात आली. तारेच्या दूरध्वनीवरच अवलंबून असणाऱ्यांना वीज गेल्यावर निदान एक तास मदत मागता यावी, अशी सोय तेथील नियामकाने सेवादात्यांकडून अपेक्षिली आहे. एखाद्या कंपनीने आपली जोडणी बदलली, तर तिच्या इमारतीतील उद्वाहनात अडकलेल्या माणसाचा दूरध्वनी कोणत्या विजेवर चालणार, हे विक्रेत्याच्या तुलनातक्त्यात शोधून पाहावे.