खुर्ची उलटी करून

वाकवलेल्या लाकडाची खुर्ची समोरून बघून तिचं घराणं कळतं, वय कळत नाही. पाठीची मोठी कमान, तिच्या आत धाकटी कमान, गोल बैठक, बाहेरच्या बाजूला किंचित फाकलेले पाय. मुंबईत इराण्याकडे बसून ज्याने ब्रुन-मस्का चहात बुडवून खाल्ला आहे, त्याच्या ती बसण्यात आहे. आमच्या घरातली अशी एक खुर्ची आजोबांनी गिरगावातल्या एका बंद होणाऱ्या इराण्याकडून आणली होती. तिच्यासोबत तीन गोष्टी वारशाने आल्या. ती शिसवी आहे, ती व्हिएन्नाची आहे आणि ती दीडशे वर्षांची आहे. घरातल्या वस्तूंबद्दलच्या अशा गोष्टी सहसा निखालस खोट्या नसतात. पण त्या कोणी तपासलेल्याही नसतात, आणि तपासायच्या तर खुर्ची उलटी करावी लागते.

शिसवीपणाचा निकाल आधी लावू, कारण तो लवकर लागतो. खुर्ची एका हाताने सहज उचलली जाते. एवढ्या आकाराची शिसवी खुर्ची अशी उचलली जाणार नाही. बैठकीच्या खालच्या कडेला, जिथे पॉलिशचा बोळा नीट पोचलेला नाही, तिथे लाकूड फिकट, पिवळसर-गुलाबी दिसतं आणि त्यावर तिळाएवढ्या बारीक तपकिरी रेघा आहेत. ही युरोपातल्या बीच झाडाची खूण. वरचा काळपट तांबूस रंग मुद्दाम दिलेला आहे, कारण एकोणिसाव्या शतकातल्या गिऱ्हाइकाला खुर्ची महाग लाकडाची वाटायला हवी होती. एका पायाच्या टोकाशी किड्याची बारीक भोकंही आहेत. शिसवाला किडा सहसा तोंड लावत नाही, बीच मात्र त्याला आवडतं. किडा या बाबतीत भरवशाचा जाणकार आहे.

आता कमान. आमच्याकडे येणारे मिस्त्री सागवानात आयुष्य काढलेले. पहिल्यांदा त्यांनी ही खुर्ची हातात घेतली, कमानीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “याचा सांधा कुठंय?” प्रश्न अचूक होता. आपल्याकडे गोलाई हवी असेल तर सुतार फळीतून ती कापून काढतो, तुकडे जोडतो. तशा गोलाईत लाकडाचे तंतू सरळच राहतात, कमान मात्र वळते. त्यामुळे वळणाच्या ऐन ठिकाणी तंतू आडवे कापले जातात आणि नक्कल केलेली खुर्ची तिथेच मोडते. इथे तसं नाही. मागच्या एका पायाच्या टोकापासून बोट वर न्यावं, डोक्यावरून वळवावं आणि दुसऱ्या पायाच्या टोकापर्यंत आणावं, तर तंतू सगळीकडे बोटाबरोबर चालतात. दोन मागचे पाय आणि पाठ मिळून एकच काठी आहे. अस्सल आणि नक्कल वेगळी करायला याहून मोठी कसोटी नाही, आणि त्यासाठी भिंगही लागत नाही.

ही काठी अशी वळली कशी, हेच या खुर्चीचं खरं सौंदर्य. लाकूड वाकवताना आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते. वाफवलेलं बीच दबायला बरंच तयार असतं, ताणून घ्यायला जवळजवळ नाहीच. म्हणून ते बाहेरच्या बाजूने फाटतं. ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावात 1796 मध्ये जन्मलेल्या मिखाएल थोनेट या सुताराने यावर तोड काढली. काठीच्या बाहेरच्या अंगाला लोखंडाची पातळ पट्टी दोन्ही टोकांशी घट्ट आवळायची आणि मग वाकवायचं. पट्टी लांबत नाही, त्यामुळे लाकडाला बाहेरून ताणता येत नाही. सगळा भार दबण्यावर येतो आणि ते तर लाकडाला जमतं. मग साच्यात अडकवून वाळवायचं, की आकार कायमचा. आमच्या खुर्चीच्या कमानीच्या आतल्या अंगाला, अगदी डोक्याच्या वळणात, बारीक सुरकुत्या आहेत. आधी त्या पॉलिशच्या वाटतात. त्या दबलेल्या लाकडाच्या आहेत. त्या काठीवर काय गुजरलं, याचा तो लेखी पुरावा आहे, आणि एवढं बारीक काही इतक्या स्वस्त खुर्चीत बघायला मिळावं याचं मला दर वेळी नवल वाटतं.

काठीची जाडीही सगळीकडे सारखी नाही. बैठकीपाशी, जिथे भार येतो, तिथे ती जाड आहे. वर डोक्याशी आणि खाली टाचेशी निमुळती होते. म्हणजे वाकवण्याआधी ती कातावर धरून हवी तशी उतरवलेली आहे. आजच्या स्वस्त नकला बहुधा इथेच उघड्या पडतात. त्यांची कमान नळासारखी एकसारखी जाड असते आणि म्हणून नजरेला जड लागते.

थोनेट आधी लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून एकमेकींवर चिकटवत असे आणि साच्यात वळवत असे. 1841 मध्ये कोब्लेंत्सच्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निख याने ते काम पाहिलं, आणि पुढच्या वर्षी हा सुतार व्हिएन्नाला गेला. पण माल समुद्रापार दमट हवेत जायला लागला तसा सरस सुटू लागला. आपल्या पावसाळ्यात सरसाचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. मग 1856 मध्ये अखंड लाकूड वाकवण्याचा विशेषाधिकार त्याने मिळवला, 1857 मध्ये मोराव्हियात कोरिचानी इथे, बीचच्या जंगलांच्या शेजारी, कारखाना काढला आणि 1859 मध्ये 14 नंबरची खुर्ची बाजारात आणली. लवकरच ती सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर आली. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. बंदरावर खोकं उघडायचं, पाना आणि स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, खुर्ची तयार.

म्हणजे ‘दीडशे वर्षांची’ हे म्हणणं नमुन्याबद्दल खरं आहे. आमच्या नगाबद्दल नाही. ही खुर्ची 1930 पर्यंतच सुमारे पाच कोटी खपली असं सांगतात, आणि त्या सगळ्या काळात तिचं रूप फारसं बदललं नाही. इतर फर्निचरचं वय रूपावरून सांगता येतं. नक्षी कशी, पायाला वळण कोणतं, मूठ पितळेची की चिनी मातीची, यावरून दशकापर्यंत जाता येतं. इथे ते सगळं निकामी. त्यात 1869 मध्ये विशेषाधिकार संपला आणि कोन बंधूंसारखे प्रतिस्पर्धी हीच खुर्ची ह्याच पद्धतीने काढू लागले. तेव्हा तंतू, सुरकुत्या, जाडी यांनी खुर्ची वाकवलेली आहे एवढं सिद्ध होतं. कोणी आणि कधी वाकवली, ते नाही.

त्यासाठी बैठकीच्या कड्याची आतली बाजू बघायची. तिथे कारखानदार कागदाचं लेबल लावत आणि लाकडात शिक्का मारत. आमच्या खुर्चीचं लेबल गेलेलं आहे. त्याच्या जागी फक्त एक फिकट चौकोन उरला आहे. शिक्का अर्धा पॉलिशखाली बुजलेला. कंदिलासारखा तिरका उजेड टाकला की त्यात देशाच्या नावाची शेवटची अक्षरं वाचता येतात, ‘...स्लोव्हाकिया’. एवढ्या अक्षरांनी दीडशे वर्षांचा दावा संपतो. चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश 28 ऑक्टोबर 1918 ला जन्मला. त्याआधी ह्याच कारखान्यातून, ह्याच जंगलातल्या लाकडाची, कदाचित त्याच कामगाराने वाकवलेली खुर्ची निघाली असती तर तिच्यावर ऑस्ट्रिया असं असतं. पोलंडच्या शिक्क्याचंही तसंच. थोनेट आणि कोन या दोघांचे कारखाने असलेलं राडोम्स्को हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. ‘मेड इन पोलंड’ लिहिलेली खुर्चीही 1918 नंतरचीच.

आणि ‘व्हिएन्नाची’? कंपनीचा कारभार व्हिएन्नातून चाले, म्हणून जगभर तिला व्हिएन्नाची म्हणत आले. लाकूड, वाफ, साचे आणि गावोगावच्या घरांत वेत विणणाऱ्या बायका, सगळं बहुतेक वेळा दुसरीकडे. तेव्हा घरच्या या विधानाला मी अर्धे गुण देईन.

वयाची दुसरी मर्यादा ठरवायला मुंबईच उपयोगी पडते. याझ्द आणि केरमानकडून आलेल्या इराण्यांची हॉटेलं इथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत फोफावली. धोबी तलावचं कयानी 1904 चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया 1923 चं, फोर्टातलं कॅफे मिलिटरी 1933 चं. संगमरवरी पाटाची टेबलं आणि ह्या खुर्च्या, ही जोडी त्या काळातच पक्की झाली. 1939 च्या मार्चमध्ये प्राग जर्मनांच्या हाती गेलं आणि सप्टेंबरात युद्ध पेटलं. त्यानंतर मोराव्हियाची खुर्ची मुंबईच्या गोदीत उतरण्याचं कारण उरलं नाही. तेव्हा आमची खुर्ची दोन महायुद्धांच्या मधली. याहून नेमकं साल कोणी छातीठोक सांगितलं, तर तो बहुधा ती विकायला निघालेला असतो. चोरबाजारात मी ‘अठराशे साठची पक्की’ असं ऐकलं आहे, आणि त्या खुर्चीच्या कड्यात चांदणीसारख्या खाचेचे स्क्रू होते. ते डोकं 1930 च्या दशकात अमेरिकेत निघालं. स्क्रू बदललेला असू शकतो हे खरं, पण मग ‘पक्की’ म्हणू नये.

आमच्या खुर्चीचे स्क्रू सरळ खाचेचे आहेत आणि बहुतेक जागचे आहेत. बैठक मात्र जागची नाही. वर चुका ठोकून प्लायवूडची गोल फळी बसवली आहे. फळीखाली बोट फिरवलं की कड्यात सारख्या अंतरावर भोकं लागतात. म्हणजे मुळात बैठक हाताने विणलेल्या वेताची होती. यंत्रावर विणलेली वेताची चटई बसवताना भोकं पाडत नाहीत, सभोवार एक खाच पाडतात. ती इथे नाही. इराण्याने वेत का काढला असेल हे समजायला संशोधन नको. दिवसभर गिऱ्हाइकं, फाटणारा वेत आणि त्या भोकांत ढेकूण.

झीजही वाचण्यासारखी आहे. पायांना बांधून धरणारं खालचं कडं पुढच्या बाजूला वरून चपटं झालं आहे, कारण माणसं त्यावर बुटाची टाच टेकवून बसत. कमानीच्या डोक्यावरचं पॉलिश मागून हात पडतो तेवढ्याच पट्ट्यात गेलं आहे. पाय खालून काळे पडलेले, रोजच्या ओल्या फडक्याने. ते कुजले तेव्हा कोणीतरी थोडे कापले असावेत. अशा खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण 46 सेंटीमीटरवर असते, आमची त्याहून बोटभर खाली आहे.

जाणकार मित्र सांगतात की फळी काढा, वेत विणून घ्या, रंग खरवडून बीच उघडं करा, किंमत वाढेल. मला पटत नाही. वेत विणला तर ती कारखान्यातून निघाली तशी होईल, असं ते म्हणतात. पण कारखान्यातून निघाली तशा खुर्च्या युरोपातल्या संग्रहालयांत पुष्कळ आहेत. चुका ठोकलेली फळी तिथे नाही. रंग खरवडण्याला तर माझा साफ विरोध आहे. तो शिसवीचा आव कारखान्यानेच आणला आहे. तो खोटा असला तरी जागचा आहे.

एकच दुरुस्ती करायची होती. खालचं कडं सैल झालं होतं. मिस्त्री फेविकॉलचा डबा उघडून बसले होते. त्यांना म्हटलं, “सरस सुटतो म्हणून तर त्या माणसाने ही खुर्ची काढली. तुम्ही परत सरस भरू नका.” मिस्त्रींनी डबा बंद केला, जुने स्क्रू काढून पुसले, मेण लावून परत बसवले. म्हणाले, “पावसाळा संपला की दर वर्षी अर्धा पीळ आवळा.”