स्वप्रकाशन आणि संहिता : 'स्पायरल स्क्रॅच'च्या निमित्ताने

कलाकृती कोणत्या साधनांनी, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या मार्गाने वाचक-श्रोत्यांपर्यंत पोचली, या प्रश्नाची दखल समीक्षा बहुधा 'पार्श्वभूमी' या सदरात घेते आणि मग मुख्य विषयाकडे, म्हणजे आशय आणि रूप यांच्या विश्लेषणाकडे, वळते. या विभागणीत असे गृहीत असते की निर्मितीची परिस्थिती कृतीच्या बाहेर राहते. हे गृहीत तपासून पाहण्यासाठी 'बझकॉक्स' या मँचेस्टरच्या पंक वाद्यवृंदाची 'स्पायरल स्क्रॅच' ही पहिली ध्वनिमुद्रिका विशेष उपयुक्त आहे. कारण तिने आपली निर्मितिप्रक्रिया स्वतःच्या वेष्टनावरच नोंदवून ठेवली आहे.

मुद्रिकेची हकीकत थोडक्यात अशी : हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या बोल्टनमधील दोन विद्यार्थ्यांनी १९७६ साली 'सेक्स पिस्टल्स'चे कार्यक्रम पाहिले आणि त्याच वर्षी त्या वाद्यवृंदाला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये आणले. २० जुलै १९७६ च्या दुसऱ्या कार्यक्रमात 'बझकॉक्स' स्वतःही रंगमंचावर होते. २८ डिसेंबर १९७६ रोजी स्टीव्ह डिगल आणि जॉन मेहर यांच्यासह त्यांनी मँचेस्टरमधील इंडिगो या ध्वनिमुद्रणगृहात चार गाणी मुद्रित केली. निर्माता होता मार्टिन हॅनेट. वेष्टनावर त्याचे नाव 'मार्टिन झीरो' असे आहे. सुमारे ५०० पौंडांचा खर्च घरच्यांकडून व मित्रांकडून उसने घेऊन भागवण्यात आला. 'न्यू हॉर्मोन्स' हे स्वतःच दिलेले नाममुद्रेचे नाव घेऊन जानेवारी १९७७ च्या अखेरीस एक हजार प्रती निघाल्या आणि त्या लवकरच संपल्या. पुढे खप अनेक हजारांवर गेला.

या घटनेचा रूढ अर्थ 'कोणालाही हे करता येते' असा लावला जातो. हा अर्थ चुकीचा नसला, तरी अपुरा आहे. स्वप्रकाशनाची ही पहिलीच घटना नव्हती. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे 'द सेन्ट्स' या वाद्यवृंदाने १९७६ सालीच आपली पहिली तबकडी स्वतः काढली होती. शिवाय 'बझकॉक्स'नी ऑगस्ट १९७७ मध्ये 'युनायटेड आर्टिस्ट्स' या मोठ्या कंपनीशी करार केला. स्वप्रकाशन हे त्यांचे तत्त्व असते, तर हा करार तत्त्वच्युती ठरला असता. परंतु लंडनबाहेरच्या, कोणत्याही कंपनीचे लक्ष न गेलेल्या चार तरुणांना तो त्या वेळी उपलब्ध असलेला मार्ग होता, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. तेव्हा या मुद्रिकेचे महत्त्व स्वातंत्र्याच्या घोषणेत शोधता येत नाही. साधनांच्या मर्यादेचे तिने काय केले, या प्रश्नाकडेच वळावे लागते.

या दृष्टीने वेष्टनाकडे पाहणे उद्बोधक ठरते. पुढील बाजूला मँचेस्टरमध्ये घेतलेले चौघांचे पोलरॉइड छायाचित्र आहे. मागील बाजूला प्रत्येक गाण्यापुढे ते कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले आणि त्यावर नंतर काही चढवले गेले काय, याची नोंद आहे. 'ब्रेकडाउन' तिसऱ्या प्रयत्नातले आहे आणि त्यावर नंतर काहीही चढवलेले नाही. अन्य गाणी पहिल्याच प्रयत्नातली आहेत. मात्र त्यांवर गिटारचा एक थर नंतर दिलेला आहे. जेरार जेनेत यांनी १९८७ साली 'उंबरठे' अशा अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात संहितेच्या कडेला असणाऱ्या मजकुराचा, म्हणजे शीर्षक, प्रस्तावना, मलपृष्ठ इत्यादींचा, विचार केला. ही परिसंहिता वाचनाची दिशा ठरवते, हे त्यांचे प्रतिपादन येथे नेमके लागू पडते. वेष्टनावरची नोंद वाचलेला श्रोता त्या गाण्यांतील खडबडीतपणा अपघात म्हणून ऐकत नाही, निवड म्हणून ऐकतो. महत्त्वाची गोष्ट अशी की ही नोंद एकाच ओळीत दोन परस्परविरोधी गोष्टी सांगते : हे उत्स्फूर्त आहे आणि हे रचलेले आहे. पंकच्या उत्स्फूर्ततेचे गुणगान करणाऱ्यांनी यातील पहिला अर्धाच ऐकला. मुद्रिकेच्या शीर्षकातही हेच आत्मभान आहे. तबकडीवरची सर्पिल चर म्हणजे अखेर एक ओरखडाच, हे ते सांगते.

हे आत्मभान केवळ वेष्टनापुरते मर्यादित राहत नाही. 'बोरडम' या गाण्यातला निवेदक ज्या चळवळीतून जन्माला आला, त्याच चळवळीचा कंटाळा व्यक्त करतो. गाण्याच्या मध्यावर गिटारचे एकल वादन येते. रॉक संगीताच्या संकेतानुसार ही वादकाच्या कौशल्यप्रदर्शनाची जागा. येथे मात्र केवळ दोन स्वर येतात आणि त्यांची एकसुरी पुनरावृत्ती होत राहते. कंटाळा हा आशय येथे वर्णिलेला नाही; तो घाटातच उतरला आहे. ही वादनाची असमर्थता नव्हे. संकेताची जागा जशीच्या तशी राखून तिच्यातील अपेक्षित वस्तू काढून घेणे, ही विडंबनाची ओळखीची रीत आहे. अल्प साधने आणि अल्प स्वर यांच्यात येथे जी संगती निर्माण होते, तीच या मुद्रिकेची कलात्मक सिद्धी होय. साधनांची गरिबी कृतीच्या बाहेर न राहता तिचे रूप बनते.

वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३४ सालच्या 'लेखक : एक उत्पादक' या निबंधात असा प्रश्न मांडला होता की कृतीची आपल्या काळातील उत्पादनसंबंधांविषयी भूमिका काय, हे विचारण्याआधी त्या संबंधांच्या आत तिचे स्थान काय, हे विचारावे. उत्पादनाची साधने इतरांच्या हाती देऊन ग्राहकाला उत्पादक बनवणे, हा त्यांच्या मते पुरोगामित्वाचा निकष. 'स्पायरल स्क्रॅच'नंतर 'डेस्परेट बायसिकल्स' या वाद्यवृंदाने १९७७ सालीच स्वतःच्या तबकड्या काढल्या आणि इतरांना तसे करण्याचे थेट आवाहन गाण्यांतून केले; १९७८ साली 'स्क्रिटी पॉलिटी'ने वेष्टनावर निर्मितीच्या खर्चाचा हिशेबच छापला. बेन्यामिनच्या निकषावर या दोन कृती पहिलीच्याही पुढे जातात. 'बझकॉक्स'ची नोंद प्रयत्न मोजते, पैसे मोजत नाही. उसनवारीचा उल्लेख तीत नाही. प्रक्रिया उघड करणाऱ्या नोंदीतही काय उघड करायचे याची निवड असते, आणि म्हणून पारदर्शकता हाही एक संकेतच ठरतो. मात्र उत्पादनदृष्ट्या अधिक पुढे गेलेली कृती रूपदृष्ट्याही अधिक संपन्न असते, असा नियम यातून काढता येत नाही. बेन्यामिनचा निकष आवश्यक आहे. तो पुरेसा नाही.

मुद्रिकेचे पुढील आयुष्य हेच सुचवते. ती प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच काळात डिव्होटो वाद्यवृंदातून बाहेर पडला आणि त्याने 'मॅगझीन' हा नवा वाद्यवृंद उभारला. १९७९ साली मुद्रिका पुन्हा निघाली, तेव्हा वेष्टनावर डिव्होटोचे नाव स्वतंत्रपणे झळकले आणि ती ब्रिटिश विक्रीसूचीत ३१ व्या क्रमांकापर्यंत पोचली. ध्वनी तोच राहिला, परिसंहिता बदलली. १९७७ मध्ये जी कृती होती, ती १९७९ मध्ये दस्तऐवज झाली. कंटाळ्याचे गाणे आता गायकाच्या प्रस्थानाचे भाकीत म्हणून ऐकले जाऊ लागले.

मराठी समीक्षेला हा प्रश्न अपरिचित असू नये. साठोत्तरी लघुनियतकालिकांशी या इंग्रजी घटनेचा प्रभावसंबंध जोडण्याचे कारण नाही. ती नियतकालिके कालदृष्ट्या आधीची आहेत आणि त्यांचे प्रेरणास्रोत वेगळे आहेत. परंतु चक्रमुद्रित अंक, अनियमित प्रकाशन, स्वतःच्या खिशातला खर्च यांची नोंद आपल्याकडेही प्रामुख्याने चळवळीच्या इतिहासात झाली. त्या पानांवरच्या कवितेची ओळ, तिची मांडणी, तिचा उद्धट तुटकपणा यांच्याशी त्या साधनांचे काय नाते होते, हे वाङ्मयीन विश्लेषण तुलनेने कमी झाले. निर्मितीची साधने 'पार्श्वभूमी'त ढकलली की उरते ती बंडखोरीची आख्यायिका, आणि आख्यायिकेला कृती वाचण्याची गरज नसते. दोन स्वरांचे ते वादन समीक्षेकडून नेमकी हीच गरज ओळखण्याची अपेक्षा करते : थोडक्या साधनांनी काय नाकारले याबरोबरच काय घडवले, हेही ऐकण्याची.