एस्पेरार : वाट की आशा?

स्पॅनिश शिकायला घेतलं की पहिल्या काही आठवड्यांतच 'एस्पेरार' हे क्रियापद भेटतं. 'ते एस्पेरो' म्हणजे मी तुझी वाट पाहतेय. 'एस्पेरो के वेंगास' म्हणजे तू येशील अशी आशा आहे. बाळ होणार असलेल्या बाईबद्दल बोलतानाही हेच क्रियापद. दवाखान्यात नंबर येईपर्यंत जिथे बसायचं ती 'साला दे एस्पेरा'. आशेला म्हणतात 'एस्पेरान्सा', आणि उशीर करकरून कुणी आपला जीव खात असेल तर तो आपल्याला 'देसेस्पेरार' करतो, म्हणजे शब्दशः आपली आशा काढून घेतो.

लॅटिनमधल्या मूळ क्रियापदात फक्त आशा होती. वाट पाहण्याचं काम स्पॅनिशनं नंतर तिच्याच गळ्यात मारलं. फ्रेंचमध्ये ही दोन कामं दोन वेगळी क्रियापदं करतात. त्यामुळे बेकेटचे ते दोघे भटके मूळ फ्रेंच नाटकात गोदोची नुसती वाट पाहतात. स्पॅनिशमध्ये नाटकाचं नाव 'एस्पेरांदो अ गोदो' झालं आणि आशा मागच्या दारानं आत शिरली.

मराठीत आपण वाट 'पाहतो'. अपेक्षा आणि प्रतीक्षा या दोन्ही संस्कृत शब्दांच्या पोटातही 'ईक्ष्' म्हणजे पाहणंच आहे. आपलं थांबणं डोळ्यांत असतं, स्पॅनिश माणसाचं मनात. (आणि फार वेळ पाहिली की आपल्याकडे वाट लागते, हा भाग वेगळा.)

अर्थात यावरून स्पॅनिश लोक बसस्टॉपवरही आशावादी असतात असं कुणी म्हणू लागलं तर ते मला पटत नाही. रोजच्या वापरात शब्दाचं मूळ कुणाला ऐकू येत नाही. आपल्याला तरी वाट पाहताना कुठे रस्ता दिसतो? शिवाय व्याकरण गोंधळ होऊ देत नाही. 'एस्पेरो के येगे' म्हणजे तो येईल अशी आशा आहे. मध्ये इवलासा 'अ' घालून 'एस्पेरो अ के येगे' म्हटलं की तो येईपर्यंत मी थांबतेय. पण हे व्याकरणच कुणी मुद्दाम काढून घेतलं तर?

गाब्रिएल गार्सिया मार्केसनं 'एल कोरोनेल नो तिएने किएन ले एस्क्रिबा' या छोट्या कादंबरीत तेच केलं आहे. १९६१ साली ती पुस्तकरूपानं आली. म्हातारा कर्नल यादवी युद्धातल्या सेवेबद्दल कबूल झालेल्या पेन्शनच्या पत्रासाठी दर शुक्रवारी बंदरावर जातो. मुलाला राजकीय पत्रकं वाटताना मारलंय. मागे उरलाय त्याचा झुंजीचा कोंबडा आणि दम्यानं बेजार बायको. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ही बाई रिकाम्या भांड्यात दगड उकळते. दुसऱ्याच परिच्छेदात मार्केस सांगतो की युद्ध संपल्यापासूनच्या ५६ वर्षांत कर्नलनं एकच गोष्ट केली. तिथे क्रियापद आहे 'एस्पेरार', आणि त्याला कर्मच नाही. 'के' नाही, 'अ' नाही, पत्राचं नावसुद्धा नाही. वाट की आशा, हे ठरवायला वाचकाच्या हाती काहीच ठेवलेलं नाही.

जे. एस. बर्नस्टीन यांच्या इंग्रजी अनुवादात तिथे वाट पाहणंच येतं. दुसरं काय येणार? पण त्यामुळे कादंबरी सरकारी दिरंगाईच्या गोष्टीकडे झुकते, कर्नल खिडकीसमोरच्या रांगेतला बिचारा पेन्शनर वाटतो. स्पॅनिशमध्ये तो तसा नाही. त्याचं थांबणं हेच त्याचं जिद्दीचं काम आहे, आणि ते त्याला सोडता येत नाही.

सोडवू पाहते ती बायको. घरात खायला काही नाही, कोंबडा विकून टाक, असं तिचं म्हणणं. आशेनं पोट भरत नाही हे ती त्याला सुनावते तेव्हा तिच्या तोंडी 'एस्पेरान्सा' येत नाही, 'इलुसिओन' येतो. या शब्दात उत्सुक आशाही आहे आणि भ्रमही. नवऱ्याच्या क्रियापदाच्या घराण्यातला शब्द ती वापरतच नाही. मला हा कादंबरीतला सर्वांत क्रूर क्षण वाटतो, दगड उकळण्यापेक्षाही. कर्नल मात्र इलुसिओनचीही बाजू घेतो.

मराठीत हे करायचं तर? दुसऱ्या परिच्छेदात 'वाट पाहणे' घेतलं की आशा सांडते, हे मान्य. पण बंदरावरच्या शुक्रवारी मराठी स्पॅनिशच्या पुढे जाईल असं मला वाटतं. तिथे कर्नल खरोखर पाहतच असतो. टपालाची लाँच धक्क्याला लागताना, टपालाची थैली उतरताना, पोस्टमास्तर पत्रं वेगळी करताना त्याची नजर हलत नाही. त्या जागी 'वाट पाहणे'मधला मेलेला डोळा पुन्हा उघडेल. बायकोच्या भांडणात मात्र आपली पंचाईत आहे. 'आशा' लिहिलं तर तिचा टोमणा बोथट होतो, 'भ्रम' लिहिलं तर ती निष्ठुर होते. मी तिथे 'आस' लिहीन. आस लावून बसणाऱ्याची कीवही येते आणि रागही.

शेवटच्या पानावर ती विचारते, जानेवारीतल्या झुंजीपर्यंत आपण खायचं काय. कर्नलचं उत्तर एका शब्दाचं आहे, शिवीचं. तिच्या अनुवादाला मात्र काही अडचण नाही.